मोठी बाग, खाचखळग्यांची जमीन आणि हात आखडता: गवत कापायचं यंत्र कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाग साधारण २० गुंठे, म्हणजे २,००० चौरस मीटर. जमीन उंचसखल, एका कडेला उतार, मधे दोन-तीन जुने बुडखे आणि खर्चाला मर्यादा. कुणी रुंद पात्याचं यंत्र सुचवतं, कुणी बॅटरीचं, कुणी म्हणतं एवढी जागा आहे तर बसून चालवायचंच घ्या. यातलं परवडेल आणि टिकेल असं कोणतं?

वरवर हा क्षेत्रफळाचा प्रश्न वाटतो, पण खरी गोम खाचखळग्यांत आहे. एवढीच जागा सपाट असती तर कुठलंही बरं यंत्र चाललं असतं, वेळ थोडा इकडेतिकडे झाला असता इतकंच. उंचसखल जागेत मात्र चुकीचं यंत्र उंचवट्यावरचं गवत मुळासकट सोलतं, खळग्यात तुरे तसेच ठेवतं आणि दर खेपेला कुठेतरी आपटतं. तेव्हा माझं उत्तर आधीच सांगतो: ४६ सेंटीमीटरच्या आसपास कापणारं, फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचं, मागची चाकं इंजिनावर चालणारं, मोठ्या चाकांचं यंत्र, आणि त्याच्या जोडीला साधा ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून लांब दांड्यानं गवत कापायचं टू-स्ट्रोक यंत्र. पैसे चाकांवर आणि ड्राइव्हवर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या यंत्रणेवर, खर्च करा. पात्याची रुंदी आणि हॉर्सपॉवर यांच्या नादी लागू नका. मात्र हे उत्तर तुमच्या जमिनीच्या दोन मापांवर अवलंबून आहे. ती घेतल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

पहिलं माप उताराचं. १ मीटर लांबीची सरळ फळी आणि पाणसळ घ्या. फळीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा, पाणसळीतला बुडबुडा मधे येईपर्यंत दुसरं टोक उचला आणि त्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते टेपनं मोजा. १८ सेंटीमीटर आलं तर उतार साधारण १० अंशांचा, २७ आलं तर १५ अंशांचा, ३६ आलं तर २० अंशांचा. मागून चालत ढकलायच्या बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत मर्यादा १५ अंशांच्या आसपास दिलेली असते, म्हणजे तुमचा आकडा २७. तिच्यामागे दोन कारणं आहेत. एक उघड आहे: ओल्या गवतावर पाय घसरला तर यंत्र अंगावर येतं. दुसरं सहसा कुणी सांगत नाही. या छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांत बहुधा ऑइल पंप नसतो; तळाशी साठलेलं ऑइल एक छोटी पळी किंवा दातेरी चाक उडवतं आणि ते आतल्या भागांवर पडतं. यंत्र फार कललं की ऑइल एका बाजूला जमतं, पळी कोरडी फिरते आणि इंजिन आतून घासत जातं. तेव्हा आवाजात काही फरक कळत नाही, कळतो तो पुढच्या हंगामात, धूर यायला लागल्यावर. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, इंजिन कसंही कललं तरी ते पोचतं. म्हणून २७ सेंटीमीटरच्या वरची जागा ब्रश कटरची, खालची चाकांच्या यंत्राची. बागेची ही वाटणी खुंट्या आणि दोरी लावून एकदा करून टाका.

दुसरं माप उंचवट्यांचं. अर्धा मीटर लांबीची फळी घ्या. यंत्राच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण एवढंच असतं. फळीच्या दोन टोकांना सारख्या उंचीच्या दोन विटा ठेवून ती उंचवट्यावर आडवी धरा आणि मधे फळी-जमीन अंतर विटेच्या उंचीपेक्षा किती कमी भरतं ते बघा. चाकांच्या मधे जमीन ३ सेंटीमीटर वर येत असेल आणि पातं ५ सेंटीमीटरवर लावलं असेल, तर तिथं गवत २ सेंटीमीटरच उरणार. ५ वर येत असेल तर पातं मातीत. पिवळी टक्कलं पडतात ती इथंच, आणि लोक दोष देतात पात्याच्या धारेला.

रुंद पातं इथं का नको, हेही याच मापातून कळतं. गोलसर उंचवटा असेल तर चाकांच्या मधे वर येणारी जमीन रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४२ सेंटीमीटरऐवजी ५३ चं यंत्र घेतलं तर रुंदी सव्वापट होते, पण तोच उंचवटा डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या झाकणाच्या, आत दीडपटीहून जास्त शिरतो. बरं, बदल्यात वेळ किती वाचतो? ४६ च्या यंत्रात प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर ५ सेंटीमीटर चढवला तर कामाची रुंदी ४१ उरते. ताशी साडेतीन किलोमीटर चाललात तर कागदावर तासाला १,४३५ चौरस मीटर. वळणं, झाडांभोवतीचे फेरे आणि मधली थांबाथांब धरून त्याच्या दोन तृतीयांश. म्हणजे तुमची बाग दोन तासांहून थोडा जास्त वेळ घेईल. ५३ च्या यंत्रानं पंधरा-वीस मिनिटं वाचतील. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजून जास्त टक्कलं पाडून घेण्यात अर्थ नाही.

उंचसखल जागेत कापायची उंची ६ ते ७ सेंटीमीटर ठेवावी लागते, म्हणून घेताना यंत्र ७ पर्यंत वर जातं का ते बघा. काही स्वस्त यंत्रं साडेपाच-सहालाच थांबतात. चारही चाकं एका दांडीनं वर-खाली होत असतील तर उत्तम, कारण तुम्ही मधेच उंची बदलाल. प्रत्येक चाकाला वेगळी खाच असेल तर तो बदल कंटाळ्यापोटी होत नाही.

आता चाकं. १८ सेंटीमीटर व्यासाचं चाक खळग्यात उतरतं. २८-३० सेंटीमीटरचं त्याच्या दोन्ही काठांवर टेकून पुढे जातं. किमान मागची चाकं तरी मोठी हवीत. दुकानात यंत्र मागून उचला आणि चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खटखट खेळ जाणवला तर आत प्लॅस्टिकचा बुश आहे आणि तो आत्ताच सैल आहे. वाळू-माती शिरून असा बुश लवकर झिजतो, चाक तिरकं होतं आणि एका बाजूनं गवत बुटकं कापलं जायला लागतं. बॉल बेअरिंगचं चाक घ्या, मग डेकचा रंग कसाही असो. पुढे एकच फिरतं चाक असलेली तीन चाकी यंत्रं वळायला झकास असतात, पण उतारावर आडवी चालवली की पुढचं तोंड सारखं खाली घसरतं. तुमच्यासाठी ती नकोत.

२,००० चौरस मीटर ४१ सेंटीमीटरच्या पट्ट्यांनी कापायचे म्हणजे जवळपास ५ किलोमीटर चाल झाली. तीस-पस्तीस किलोचं यंत्र खळग्यांतून ५ किलोमीटर नुसतं ढकलणं ही हौस एक-दोन खेपांत फिटते. म्हणून सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे इंजिनावर चाकं चालणाऱ्या, यंत्राला पर्याय नाही, आणि ड्राइव्ह मागच्याच चाकांना हवी. चढावर वजन मागे सरकतं. गवताची पिशवी भरली की आणखी मागे. आणि वळताना तुम्ही हँडल दाबून पुढची चाकं उचलता. पुढची चाकं चालणारं यंत्र या तिन्ही वेळी पकड सोडतं आणि जागच्या जागी गवत घासतं. वेग बदलता आला तर फार बरं. खाचखळग्यांत अडीच किलोमीटरच्या वेगानं जावं लागतं. एकाच ठरलेल्या वेगाचं यंत्र तुम्हाला फरफटत नेतं, मग माणूस सारखा क्लच सोडतो-धरतो आणि बेल्ट जळतो.

बेल्टवरून आठवलं: विकणाऱ्याला इंजिनाबद्दल दहा प्रश्न विचारण्यापेक्षा एवढंच विचारा की ड्राइव्हचा बेल्ट, ड्राइव्हची केबल, मागच्या चाकातलं दातेरी पिनियन आणि पातं हे चार भाग सुटे मिळतात का. यंत्र उभं राहतं ते बहुतेक यांच्यापायी. नाव मोठं असूनही हे भाग मिळत नसतील, तर ते स्वस्त यंत्र महाग पडेल.

इंजिन १५० ते १७० सीसीचं पुरतं. डेक पोलादी पत्र्याचा घ्या. दगड लागला तर वाकतो, तडकत नाही. मात्र आतून चिकटलेलं ओलं गवत तसंच राहिलं तर त्याला भोकं पडतात, म्हणून दर खेपेनंतर लाकडी पट्टीनं खरवडायचं. गवत बाहेर टाकायला बाजूचं तोंड असलेलंच यंत्र घ्या. ६० लिटरची पिशवी ओल्या गवतानं भरली की १५ किलोच्या पुढे जाते, आणि एवढ्या मोठ्या बागेत ती किती वेळा रिकामी करावी लागेल याचा अंदाज करा. बारीक चुरा करून तिथंच टाकणारं मल्चिंग चांगलं, पण गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही हा नियम पाळलात तरच. गुडघाभर गवतात मल्चिंगसाठी बाजूचं तोंड बंद ठेवलंत तर डेकखाली लगदा होतो आणि इंजिन बंद पडतं.

बॅटरीच्या यंत्राबद्दल. आवाज कमी, देखभाल नगण्य, लहान बागेला मी तेच सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत हिशोब बसत नाही. ४० व्होल्ट लिहिलेली बॅटरी प्रत्यक्षात ३६ व्होल्टची धरायची. ४० हा पूर्ण चार्ज असतानाचा आकडा. ५ अँपिअर-तासाची असेल तर तिच्यात १८० वॅट-तास ऊर्जा झाली. साध्या गवतात यंत्र ६५० वॅट खातं असं धरलं तर ती पंधरा-सतरा मिनिटं चालेल, दाट गवतात त्याहून कमी. दोन तासांना अशा सात बॅटऱ्या लागतील, किंवा दोन बॅटऱ्या घेऊन काम तीन-चार दिवसांत वाटून घ्यावं लागेल. ते चालत असेल तर जरूर विचार करा, पण मग खर्चाची तुलना नुसत्या यंत्राशी न करता बॅटऱ्या आणि चार्जर धरून करा.

वायरचं विजेचं यंत्र इतक्या मोठ्या आणि झाडं असलेल्या बागेत नको. वायर पात्याखाली येण्याची भीती कायम. हातानं ढकलायचं रीलचं यंत्र सपाट, बुटक्या हिरवळीसाठी असतं. खळग्यात ते नुसतं अडतं. आपोआप फिरणारं साधं रोबो यंत्र इतक्या उंचसखल जागेत रुतून बसेल.

बसून चालवायच्या यंत्राचा मोह समजू शकतो, पण २,००० चौरस मीटर ही त्याची जेमतेम सुरुवात आहे. त्याचा डेक पाऊण ते एक मीटर रुंद असतो, म्हणजे वर सांगितलेला उंचवट्यांचा त्रास कितीतरी पटींनी वाढला. डेकला जमीन सोलली जाऊ नये म्हणून छोटी चाकं असतात, ती सौम्य लाटांना पुरतात, वारुळाएवढ्या ढेकळांना नाही. उतारावर ते वर-खालीच चालवावं लागतं, आडवं नेलं तर उलटायची भीती. ढकलायच्या यंत्राचं नेमकं उलट, ते उतारावर आडवंच चालवायचं. आणि कमी पैशांत मिळणारं जुनं रायडर म्हणजे डेकचा बेल्ट, पात्यांचे स्पिंडल, बॅटरी आणि टायर अशी लांबलचक यादी असते.

ब्रश कटरला फार खर्च करू नका. ३५ ते ४५ सीसीचा, दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेला, आणि नायलॉनची दोरी व तीन दाती पातं दोन्ही लावता येईल असा पुरे. गवताला २.४ मिलिमीटरची दोरी, झुडपं-काटेरी गचपणाला पातं. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, ४०:१ म्हणजे २५. अंदाजानं ओतलेलं ऑइल कमी पडलं तर पिस्टन अडकतो, जास्त झालं तर सायलेन्सर काजळीनं भरतो. बहुतेक ब्रश कटरचं डोकं वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जावं; गवत कापलेल्या बाजूला पडतं. १५ मीटरच्या आत कुणी नको, आणि डोळ्यांना चष्मा हवाच. बुडख्यांभोवतीचं दोन-दोन फुटांचं वर्तुळ, कुंपणाची कड आणि तीव्र उतार एवढंच त्याचं काम. अख्खी बाग त्यानं कापायचा विचार असेल तर सोडा. होईल, पण खांदे भरून येतील आणि कधीच एकसारखी दिसणार नाही.

खर्च कमी करायचा चांगला मार्ग म्हणजे वापरलेलं, पण नीट तपासलेलं यंत्र. प्लगची वायर काढा, मग प्लग पाना लावून प्लगच काढून टाका, म्हणजे इंजिन हलकं फिरेल आणि चुकूनही सुरू होणार नाही. यंत्र तिरकं करताना कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरेल. आता जाड हातमोजा घालून पातं हळूहळू फिरवा, पण नजर पात्यावर ठेवू नका. मधल्या बोल्टच्या डोक्यावर ठेवा. बोल्ट एका जागी स्थिर फिरायला हवा. तो लहानशा वर्तुळात डुलत असेल तर क्रँकशाफ्ट, म्हणजे पातं फिरवणारा इंजिनाचा दांडा, वाकलेला आहे: पातं कधीतरी बुडख्यावर किंवा दगडावर आदळलंय. हे यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका, कारण तो बदलायला इंजिन पूर्ण उघडावं लागतं. बोल्ट स्थिर, पण दोरी ओढताना झटका देऊन मागे खेचते आणि यंत्र नीट सुरू होत नाही, असं असेल तर बहुधा फ्लायव्हीलची चावी कापली गेलीय. खाचेत बसणारा हा मऊ धातूचा छोटा तुकडा असतो. आपटल्यावर तो तुटतो आणि ठिणगीची वेळ चुकते. हा दोष स्वस्तात दुरुस्त होतो, आणि एवढ्या कारणावरून किंमत कमी करून मागता येते. प्लग परत बसवून यंत्र थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्या. सुरुवातीला निळा धूर थोडा निघून थांबला तर ठीक, चालूच राहिला तर पिस्टनच्या रिंग गेल्या.

नवं घेतलंत तर पहिली गोष्ट: ऑइल भरलेलं आहे का ते काठीनं बघा. पुष्कळ यंत्रं कोरडी पाठवली जातात. साधारण अर्धा लिटर ऑइल लागतं, एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३०. पहिलं बहुतेक यंत्रांत ५ तासांनी बदलायचं, पुढे दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा. पात्याला वीस-पंचवीस तासांनी कानशीनं मूळच्याच कोनात धार लावा. वस्तरा नको, लोणी कापायच्या सुरीइतकी धार बास. मग मधल्या भोकातून भिंतीवरच्या खिळ्यावर अडकवा. एक टोक खाली जात असेल तर त्याच टोकाकडून थोडं घासा. असमतोल पातं थरथरतं आणि बोल्ट सैल करतं. महिनाभर यंत्र उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. शिळं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात चिकट होऊन बसतं.

पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर ४६ सेंटीमीटरच्या पात्याचं टोक ताशी २६० किलोमीटरनं फिरतं. म्हणून कापण्याआधी जागा चालून दगड आणि काटक्या उचला, बुडख्यांना चुना मारा, आणि हँडलची सुरक्षा दांडी (हात सोडला की पातं थांबवणारी) दोरीनं बांधून ठेवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका.

राहता राहिली जमीन. सगळी सपाट करायची गरज नाही, पण फळीनं सापडलेले सर्वांत वाईट आठ-दहा उंचवटे घालवले तर साधं यंत्रही छान चालतं. उंचवट्यावर कुदळीनं इंग्रजी एच आकाराचा छेद घ्या, दोन्ही बाजूंची हिरवळ गालिच्यासारखी उलटून ठेवा, खालची माती खरवडून काढा, हिरवळ परत पसरून पायानं दाबा आणि भरपूर पाणी द्या. निघालेली माती वाळू आणि कंपोस्ट मिसळून खळग्यात टाका, पण एका वेळी १ ते दीड सेंटीमीटरच. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत, नाहीतर ते गुदमरून मरतं. ते वर आलं की दुसरा थर. हे काम यंत्र घ्यायच्या आधी झालं तर बरं, कारण त्यानंतर फळीखालचे आकडे बदलतील. नवे आकडे आणि यंत्र ज्यातून न्यायचं त्या फाटकाची रुंदी मला लिहून कळवा. उताराचा आकडा बागेच्या बऱ्याच भागात ३६ च्या वर येत असेल, तर वरचं उत्तर लागू नाही. मग तळाशी हवेवर तरंगणाऱ्या टू-स्ट्रोक यंत्राबद्दल बोलावं लागेल.